बारा म्हशींच्या गोठ्याला बॉबकॅट हवं का?

प्रश्न : नमस्कार. लांजा तालुक्यात माझ्या नावावर सात एकर जमीन आहे. हापूसची २१० धरती (फळं देणारी) कलमं आहेत आणि वर कातळाकडे काजू. मिस्टर मुंबईला नोकरीला, सासऱ्यांचं वय झालेलं, त्यामुळे बागेचं सगळं मीच बघते. बारा म्हशी आहेत, दूध डेअरीला जातं. शेण काढायला आणि बागेच्या कामाला माणसं मिळेनाशी झाली आहेत. माझ्या भावाने कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीतलं जुनं बॉबकॅट, म्हणजे पुढे बकेट असलेलं छोटं लोडर, बघितलंय. २०१४ सालचं, मीटरवर ४,१०० तास, साडेनऊ लाख सांगतायत. तो म्हणतो, हे घेतलंस की जेसीबीपण मिटला आणि ट्रॅक्टरपण. इकडे डीलरने २४ एचपीच्या फोर व्हील मिनी ट्रॅक्टरचे सव्वासहा लाख सांगितले आहेत, ट्रॉली आणि अवजारं वेगळी. गोठ्यातली गल्ली आठ फुटी आहे आणि शेवटी भिंत आहे. तिथे ट्रॅक्टर वळणार नाही, बॉबकॅट जागच्या जागी वळतं. यंदा ६० नवीन कलमं लावायची आहेत आणि गोठ्यापर्यंतचा रस्ता रुंद करायचा आहे. शेणखताच्या खड्ड्यापासून बागेचं टोक तीनशे मीटर, आणि निम्मी जमीन तरी उताराची. चालवणार मीच आहे. काय घेऊ?

उत्तर : ताई, मिनी ट्रॅक्टर घ्या. बॉबकॅटचा विचार सोडून द्या, आणि तो पैशांसाठी नव्हे, तर तुमच्या उतारासाठी सोडा. ‘चालवणार मीच आहे’ हे तुमचं वाक्य वाचल्यावर माझ्या मनात दुसरं काही येईना.

पण भावाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्याने यंत्र चांगलं हेरलंय. आपण ज्याला सरसकट बॉबकॅट म्हणतो ते स्किड स्टीअर लोडर जन्माला आलं तेच मुळी शेड साफ करायला. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉथसे गावच्या केलर बंधूंनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी ते बनवलं. खांबांच्या मधून जाईल, जागेवर वळेल, हलकं असेल आणि घाण उचलून बाहेर टाकेल, एवढीच त्याची मागणी होती. पुढे मेलरो कंपनीने ते हाती घेतलं, १९६० साली चार चाकांचं झालं आणि १९६२ मध्ये त्याला बॉबकॅट हे नाव मिळालं. आठ फुटी गल्ली बघून तुमच्या भावाला हेच यंत्र आठवावं यात नवल नाही. पण त्या यंत्रापुढे शेडची सपाट जमीन होती. तुमच्यापुढे गोठ्याच्या दाराबाहेर सात एकर आहेत.

ते जागेवर वळतं कसं, हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. त्याची पुढची चाकं ट्रॅक्टरसारखी डावी-उजवी होत नाहीत. डावीकडच्या दोन चाकांना एक हायड्रॉलिक मोटर, उजवीकडच्या दोन्हींना दुसरी. वळायचं असेल तेव्हा एक बाजू पुढे आणि दुसरी मागे, किंवा एक जोरात आणि दुसरी हळू. म्हणजे प्रत्येक वळणाला चाकं जमिनीवर आडवी घासत सरकतात. काँक्रीटवर झिजतो तो टायर. मातीवर झिजते ती माती. अडीच-तीन टनांचं यंत्र हापूसच्या कलमाखाली असं घासत वळलं, तर आपल्याकडच्या उथळ जांभ्या मातीत वरच्या थरात पसरलेली अन्न घेणारी मुळं तुटणार. खताची आळी जिथे घेता, तिथेच ही मुळं सगळ्यात दाट असतात. पावसात तर प्रत्येक वळणाला चिखलाची थारोळी, आणि पुढच्या सरीला तीच माती खालच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी बांधाकडे. मिनी ट्रॅक्टरचं वजन साधारण टनाच्या आसपास किंवा त्याहून कमी, रुंदी चार फुटांच्या आतबाहेर, आणि त्याची चाकं गोल फिरत वळतात. बागेच्या मातीला हा फरक लगेच कळतो.

आता काम मोजू. पूर्ण वाढलेल्या हापूसच्या कलमाला वर्षाला ५० किलो शेणखत ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तुमची २१० कलमं म्हणजे साडेदहा टन. बॉबकॅटच्या बकेटमध्ये कुजलेलं खत अडीचशे किलोच्या आसपास मावेल. म्हणजे बेचाळीस खेपा. बागेच्या टोकापर्यंत जाऊन-येऊन सहाशे मीटर धरले, तर पंचवीस किलोमीटर. आणि हे यंत्र पळण्यासाठी बनलेलंच नाही, बकेट पुढे लटकवून उतारावर तर नाहीच. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत एक टन भरा, अकरा खेपांत काम संपतं. (ट्रॉलीची क्षमता जास्त असली तरी उतारावर मिनी ट्रॅक्टरमागे एक टनापेक्षा जास्त भरू नका. चढताना इंजिन कदाचित ओढेल, उतरताना ब्रेक पुरणार नाहीत.) बॉबकॅट माल उचलतं, वळतं आणि टाकतं. ट्रॅक्टर माल घेऊन जातो. तुमच्या बागेत उचलण्यापेक्षा नेण्याचंच काम जास्त आहे. खत, फेब्रुवारीपासून नवीन कलमांना पाणी, काढणीच्या वेळी आंब्याचे क्रेट, काजू, बेणणी (गवत-झुडपं कापणं) झाल्यावरचा पालापाचोळा, गडग्याचे चिरे.

फवारणीचं तर बोलायलाच नको. मोहोर आल्यापासून तुडतुड्यासाठी आणि भुरीसाठी किती वेळा पंप लावावा लागतो ते तुम्ही मला सांगाल. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे अवजारं चालवणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप चालतो, टाकीही ट्रॅक्टरच वाहतो. बॉबकॅटला पीटीओ नसतो. त्याची सगळी अवजारं हायड्रॉलिक तेलाच्या जोरावर चालतात आणि त्यांतलं प्रत्येक अवजार महाग.

उताराबद्दल मात्र सविस्तर लिहिणं भाग आहे. स्किड स्टीअरच्या माहितीपत्रकात जी उचलण्याची क्षमता छापलेली असते, ती यंत्र पुढे कलंडायला जेवढं वजन लागतं त्याच्या निम्मी असते, आणि तीही सपाट, कडक जमिनीवर. हात वर उचलला की गुरुत्वमध्य वर जातो. यंत्र आखूड असतं, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर थोडं. म्हणून या यंत्राचा नियम असा, की जड बाजू नेहमी चढाकडे ठेवायची. बकेट रिकामी असेल तर इंजिनामुळे मागची बाजू जड, म्हणून चढ उलटं चढायचं. बकेट भरलेली असेल तर पुढची बाजू जड, म्हणून सरळ चढायचं आणि उतरताना रिव्हर्स यायचं. आडव्या उतारावर वळायचंच नाही. मागचं तर धड दिसतही नाही. कारखान्याच्या फरशीवर वर्षानुवर्षं चालवणारा ऑपरेटरही बागेच्या उतारावर हे विसरू शकतो. तुम्ही म्हशी, डेअरी, सासरे आणि बाग सांभाळून दिवसातून थोडा वेळ ते चालवणार. मला ते पटत नाही, ताई.

ट्रॅक्टरही उलटतो, त्यात शंका नाही. पण तो कसा उलटतो हे आपल्या गावांना माहीत आहे आणि त्याचे उपाय तुमच्या हातात आहेत. उतारावर आडवं न जाता वर-खाली चालवा. उतरताना फोर व्हील लावलेलंच ठेवा, म्हणजे इंजिनाचा आणि ब्रेकचा रोध चारही चाकांना मिळतो. लो गिअर वरूनच टाकून निघा, मध्येच क्लच दाबू नका, न्यूट्रल तर कधीच नको. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती कोणी सांगत नाही. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात. बागेत झाडाच्या बुंध्यापाशी तीव्र वळण घ्यायला त्यांतला एकच दाबतात. रस्त्याला लागताना, ट्रॉली जोडताना आणि उतारावर ते दोन्ही खिटीने एकत्र जोडलेले हवेत. नाहीतर घाबरून एकच दाबला जातो आणि ट्रॅक्टर फिरून ट्रॉलीखाली येतो.

डोक्यावरची लोखंडी कमान, म्हणजे रोप्स, घेतानाच मागा, आणि दुमडणारी मागा. कलमांच्या खालच्या फांद्यांतून जाताना ती दुमडावी लागेल. कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधायचा, दुमडलेली असेल तेव्हा बांधायचा नाही. झाडांखालून बाहेर आलात की पुन्हा उभी करा.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर किंवा ओढणी त्यात गेली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं की नवीन बसवेपर्यंत पंप चालवू नका. कपडे आवळून, केस बांधून काम करा आणि चालू पीटीओच्या बाजूला वाकायचं असेल तर आधी इंजिन बंद. हे मी तुम्हाला बाई म्हणून सांगत नाही, लुंगीवाल्यांनाही हेच सांगतो.

आता गोठा. तिथेच खरा तिढा आहे आणि तो यंत्राने सोडवण्याऐवजी गवंड्याने सोडवावा असं माझं मत आहे. एक म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण देते. बारा म्हशींचं दोनशे किलोच्या घरात जातं. हे बॉबकॅटची एक बकेट भरण्याइतकंच आहे. रोज दहा मिनिटांसाठी तुम्ही साडेनऊ लाखांचं यंत्र सुरू करणार, इंजिन नीट तापायच्या आत बंद करणार. रोज असं केलं तर तेलात पाणी धरतं आणि इंजिन वेळेआधी खराब होतं. त्याऐवजी गल्लीच्या शेवटची भिंत फोडा. दहा फुटांचं दार ठेवा, वर लोखंडी तुळई द्या, पावसाच्या बाजूला पत्र्याची पडवी काढा. म्हणजे गल्ली आरपार झाली आणि वळायचा प्रश्नच राहिला नाही. ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंटला, म्हणजे अवजार उचलणाऱ्या तीन सांध्यांच्या जोडणीला, लेव्हलिंगची पाती जोडायची, एका दाराने आत शिरायचं, पाती टेकवायची आणि शेण ओढत दुसऱ्या दाराने बाहेर. पातीच्या खालच्या कडेला जुन्या टायरची पट्टी बोल्टने बसवा. लोखंड थेट घासलं तर काँक्रीटही जातं आणि म्हशींचे खूर घसरतील असा गुळगुळीतपणा येतो. मागच्या दारापासून शेणाच्या खड्ड्यापर्यंत उताराची फरशी केलीत तर फावडं मारण्याचं काम फारच थोडं उरेल. हे सगळं म्हशी बाहेर असताना करा आणि दोन्ही दारं उघडी ठेवा, डिझेलचा धूर कोंडू देऊ नका.

मागे जागाच नसेल, दरड किंवा शेजाऱ्याचा गडगा असेल, तर मला पुन्हा लिहा, वेगळा विचार करू. पण तेव्हाही उत्तर बॉबकॅट नसेल. बारा म्हशींना ढकलगाडी आणि रबरी पाती पुरतात. पन्नास-साठ जनावरं, सगळं अंगण काँक्रीटचं, मुरघासाचा बंकर, रोज दोन-अडीच तास भरणं-काढणं चाललंय अशा गोठ्याने मला विचारलं असतं, तर मी पहिल्या ओळीत बॉबकॅट म्हटलं असतं.

साठ कलमांचे खड्डे आणि रस्ता ही कामं एकदाची आहेत, रोजची नाहीत. मीटर बाय मीटर बाय मीटरचे साठ खड्डे म्हणजे साठ घनमीटर जांभा. बॉबकॅटला ऑगर लावला तर तो फूट-दीड फुटाचं भोक पाडतो आणि खाली चिरा लागला की नुसता घुमतो. हे काम जेसीबीचंच आहे, म्हणजे मागे खणणारा हात असलेल्या यंत्राचं. ते भाड्याने आणा. तुमच्याकडे जो ताशी दर असेल तो धरा. समजा १,२०० रुपये आणि खड्डे, रस्ता, गोठ्यामागची फरशीची जागा मिळून तीस तास लागले, तर ३६ हजारांत तुमची ‘जेसीबी मिटला’ ही बाब खरोखर मिटते. कातळ लागला तर ब्रेकर लावावा लागेल, त्याचा दर वेगळा, तो आधी ठरवून घ्या. सगळी कामं एकाच वेळी काढा, म्हणजे यंत्र आणण्याचं भाडं एकदाच पडेल. एप्रिलमध्ये खड्डे झाले तर उन्हात तापतील आणि पावसाआधी माती-शेणखताने भरता येतील.

ट्रॅक्टर कोणता? २४ ते २८ एचपीचा, फोर व्हीलच. या गटात कुबोटाचा निओस्टार बी२४४१, महिंद्राचा जिवो २४५, जॉन डिअरचा ३०२८ ईएन असे पर्याय आहेत. मी ब्रँड सांगणार नाही. जुलैत कोल्हापूरकडून येणारा आंबा घाट बंद असताना ज्याचा मेस्त्री रत्नागिरीहून किंवा राजापूरहून दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात येईल, त्याचा घ्या. आणि पैसे देण्याआधी डीलरला ट्रॅक्टर तुमच्या बागेत आणायला सांगा. शोरूमच्या पटांगणात सगळेच छान चालतात. तुमच्या सगळ्यात वाईट चढावर, एक टनाची ट्रॉली लावून, तुम्ही स्वतः चालवून बघा. क्लचवर तुमचा पाय नीट पोचतो का, उतरताना ब्रेकवर पूर्ण जोर देता येतो का, हे दुसरा कोणी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही.

नंतर ट्रॅक्टरला लोडर, म्हणजे पुढची बकेट, लावायचा मोह होईल. पहिल्या वर्षी लावू नका. मिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर त्याचा मोठा भार येतो आणि मागे वजन न बांधता बकेट भरली तर मागची चाकं हलकी पडतात. स्थानिक वेल्डिंगवाल्याने बनवलेला लोडर लावून वॉरंटी घालवू नका. वर्षभर पाती, ट्रॉली आणि पंपावर काम करा. मग खरंच उणीव भासली तर कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेलाच लोडर घ्या.

तुमच्या बागेतला जो भाग फारच उभा आहे, जिथे तुम्ही पायी उतरताना झाडाला धरता, तिथे कोणतंही यंत्र नेऊ नका. तिथली बेणणी पाठीवरच्या ग्रास कटरने, आणि खत घमेल्याने. तेवढी मजुरी दरवर्षी धरूनच ठेवा.

पैशांचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. सव्वासहा लाखांच्या कोटेशनमध्ये ५ टक्केच धरले आहेत ना, ते कागदावर बघा. शिवाय जमीन तुमच्या नावावर आहे, ही मोठी गोष्ट आहे. सात एकर म्हणजे २.८ हेक्टर, त्यामुळे दोन हेक्टरच्या आतल्या अल्पभूधारकांत तुम्ही बसत नाही. पण कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्यांनाही ट्रॅक्टरसाठी किमतीच्या ५० टक्के किंवा सव्वा लाख, यांतली कमी असेल ती रक्कम, अशी तरतूद होती. इतरांना ४० टक्के किंवा एक लाख. बॉबकॅटला यातलं काही नाही.

भाऊ तरीही ‘एकदा बघून तर ये’ म्हणाला, तर जा, पण मीटरवरच्या तासांवर विश्वास ठेवू नका. फाउंड्रीतली साच्यांची वाळू बारीक आणि धारदार असते, ती प्रत्येक पिनमध्ये आणि बुशमध्ये शिरते. बकेट जमिनीला टेकवून, हात उचलल्यासारखा करून, सांध्यांत किती खेळ आहे तो बघा. हात वर करून इंजिन बंद करायला लावा आणि तो आपोआप खाली सरकतो का ते बघा, मात्र त्याच्या खाली कुणीही उभं राहायचं नाही. दोन्ही बाजूंच्या चेन केसमधलं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या साखळ्यांच्या पेटीतलं, तेल तपासा, त्यात लोखंडाचा चुरा आला असेल तर तिथेच थांबा. सीटवरचा बार वर केल्यावर यंत्राच्या हालचाली बंद पडल्या पाहिजेत. अनेक जुन्या यंत्रांत ती सुरक्षा कुणीतरी वायर जोडून निकामी केलेली असते. हे एवढं बघितल्यावर भावाचाच उत्साह ओसरेल असं मला वाटतं.

आणि ट्रॅक्टर बुक करायची घाई नको. आधी फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) तयार आहे का बघा, मग महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज, मग कोटेशन आणि ट्रॅक्टरचा तपासणी अहवाल अपलोड. पूर्वसंमतीचं पत्र हाती आल्यावरच खरेदी. डीलर म्हणेल, आज ॲडव्हान्स भरा, अनुदान मागून बघू. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल निघालं तर अनुदान गेलं. तालुका कृषी कार्यालयात अनुदानाची सध्याची मर्यादाही विचारून घ्या. तोपर्यंत गवंड्याला बोलावून गोठ्यामागची भिंत दाखवा, ते काम ट्रॅक्टर येण्याआधी झालेलं बरं.